खड्ड्यातला वास, पिंपातला रंग



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘जमैकाची रम’ असे सांगितले. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. नंतर त्यांनी हळूच विचारले, “म्हणजे कामगारांच्या व्यसनमुक्तीवर बोलणार ना?” मी म्हणालो, “नाही, रमवरच बोलणार.” त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली, याबद्दल त्यांचे आभार मानून सुरुवात करतो. वसंत ऋतूत मोकळ्या मैदानावर मद्याविषयी बोलणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणतो. मी स्वतः पीत नाही. माझ्या घराण्यात ते काम माझ्या आधीच्या पिढीने पुरेसे करून ठेवले आहे. पण मी वयाच्या अठराव्या वर्षी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, म्हणजे मळीपासून मद्यार्क काढण्याच्या खात्यात, हंगामी गडी म्हणून लागलो. पुढे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात जे काही शिकलो ते शिकलो. ज्या पदार्थाच्या वासात उमेदीची वर्षे गेली त्याचा इतिहास शोधावा, एवढीच माझी या विषयातील पात्रता.

निमित्त एका बाटलीचे झाले. आमच्या एका जुन्या खलाशी मित्राच्या मुलाने रॉटरडॅमहून येताना ती आणली. जमैका बेटाच्या ट्रेलॉनी परगण्यातील हॅम्पडेन नावाच्या मळ्याची ही रम होती. वय फार नाही, आणि सबंध काळ शेरीच्या पिंपांत मुरवलेली. मित्राने बूच काढले मात्र, खोलीत पिकून फुटलेल्या फणसाचा दरवळ उठला. त्यामागून अननस, मग नखे रंगवण्याच्या रंगासारखा तिखट उग्र वास, आणि सगळ्यांच्या तळाशी काहीतरी आंबलेले, कुजलेले. मित्राची पत्नी स्वयंपाकघरातून विचारू लागली की घरात कोणी काय सांडले. मला मात्र तो तळचा वास ओळखीचा वाटला. तीस वर्षांपूर्वी माझ्या सदऱ्याला तोच येत असे.

बाटलीबरोबरच्या पत्रकात बहुतेक मजकूर पिंपाविषयी होता. स्पेनमधील ओलोरोसो शेरी, ओकचे लाकूड, सुक्या मेव्याची चव, गडद रंग वगैरे. दारूचे व्यापारी पिंपाविषयी भरभरून बोलतात, कारण पिंप दिसायला सुंदर असते. परंतु हा वास पिंपाने दिलेला नाही. तो त्याच्या फार आधी, एका खड्ड्यात आणि लाकडी कुंडांत जन्मला आहे. आणि त्या खड्ड्यापर्यंत जायचे तर अडीचशे वर्षे मागे जावे लागते.

जमैका इंग्रजांनी स्पेनकडून १६५५ साली घेतले आणि पुढच्या शंभर वर्षांत तेथे ऊस लावला. तो लावायला, तोडायला, गाळायला आफ्रिकेतून माणसे विकत आणली. हॅम्पडेनचा मळा आपली स्थापना १७५३ सालची सांगतो. तो एका स्कॉटिश घराण्याचा होता. साखरेच्या मळ्याला आपले गुऱ्हाळ मोठे करून पाहावे: रस उकळायचा, वरची मळी काढायची, साखर बांधायची आणि खाली उरलेली चिकट काकवी वाया जाऊ द्यायची नाही. ती पाण्यात आंबवून भट्टीवर चढवली की रम. म्हणजे रम हा साखरेच्या हिशेबातील उरलासुरला आणा होता. आणि भट्टीत अर्क उडून गेल्यावर तळाशी जे काळे, आंबट पाणी उरते, ज्याला आपल्याकडे स्पेंट वॉश म्हणतात, त्याला जमैकात ‘डंडर’ म्हणत. ते फेकून न देता पुढच्या आंबवणीत घालायचे. ब्रायन एडवर्ड्स या मळेवाल्याने वेस्ट इंडीजचा इतिहास लिहिला, तो १७९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात डंडर आंबवणीला कसे चालना देते हे त्याने वर्णिले आहे. याच्या स्वतःच्या मळ्यांपैकी एक ट्रेलॉनीतच होता. गुलामांचा व्यापार चालू ठेवावा, असे पार्लमेंटात मांडणाऱ्यांपैकी तो एक. साखरेइतकेच स्वच्छ गद्य तो लिहीत असे.

त्याच भागात, १८३१ च्या नाताळात, सॅम्युएल शार्प नावाच्या गुलामाने एक विचार मांडला. तो बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक होता आणि वर्तमानपत्रे वाचू शकत होता. नाताळची सुट्टी संपली की मजुरी दिल्याखेरीज कोणी ऊसतोडीला जायचे नाही, असा तो विचार. आज आपण याला संप म्हणतो. २७ डिसेंबरला सेंट जेम्स परगण्यातील केन्सिंग्टन मळ्याला आग लागली, पाठोपाठ इतर मळे पेटले आणि तो संप बंड ठरला. बंड मोडल्यावर तीनशेहून अधिक माणसांना फाशी अगर गोळी मिळाली. शार्पला २३ मे १८३२ रोजी फासावर चढवले. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, तेही गुलामांच्या मालकांना. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटिश सरकारने फेडून संपवले २०१५ साली. ज्यांची पाठ सोलली गेली त्यांना छदाम मिळाला नाही. उलट १८३४ पासून चार वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांच्याकडून तेच काम करून घेतले. ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री फॅल्मथ बंदरात विल्यम निब या पाद्र्याच्या कळपाने बेड्या, चाबूक आणि गळ्यातील लोखंडी कडे एका शवपेटीत घालून पुरले. फॅल्मथ हे ट्रेलॉनीचे मुख्य गाव. हॅम्पडेनची पिंपे तेथूनच जहाजात चढत.

मुक्त माणूस स्वस्तात ऊस तोडीना, म्हणून मालकांनी आपल्या देशाकडे नजर वळवली. ‘ब्लंडेल’ नावाचे जहाज १० मे १८४५ रोजी पहिले हिंदी करारबंद मजूर घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बरला लागले. ही पद्धत १९१७ साली बंद होईपर्यंत सुमारे छत्तीस हजार हिंदी माणसे त्या बेटावर गेली. ती बहुतेक कलकत्त्याच्या वाटेने गेलेली, संयुक्त प्रांत आणि बिहारकडची. आपली रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसे गेली ती मॉरिशसला, तेथल्या उसात. तेव्हा जमैकाच्या रमेत मराठी घाम होता असे मी म्हणणार नाही. नात्याचा शोध ओढूनताणून घेण्यात अर्थ नसतो. ऊसतोडीचा कोयता ज्या हाताने धरला त्याची भाषा कोणती हे विचारून फोड येत नाहीत.

आता त्या खड्ड्याकडे वळू. हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण सगळी करामत येथे आहे.

रसायनशास्त्राचा नियम साधा आहे. मद्यार्क आणि आम्ल एकत्र आले की त्यांच्यापासून एस्टर नावाचा पदार्थ आणि पाणी तयार होते. फळांचा सुवास बराचसा एस्टरचाच असतो. गंमत अशी की आम्ल जितके घाणेरडे, तितके त्याचे एस्टर मधुर. ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याचा आणि कुबट घामाचा वास येतो; मद्यार्काशी त्याचा संयोग झाला की अननसाचा वास येतो. तेव्हा ज्याला सुवासिक रम हवी त्याने आधी दुर्गंधी पैदा केली पाहिजे. जमैकाच्या डिस्टिलरांनी ती पैदा करण्याची व्यवस्थाच केली. जमिनीतील खड्ड्यात डंडरचा गाळ, आंबवणीच्या कुंडांतील साका, उसाची चिपाडे, असे सगळे कुजत ठेवायचे. तेथे यीस्ट नव्हे, जंतू राज्य करतात आणि आम्ले तयार करतात. आम्ल फार झाले तर जंतूच मरतात, म्हणून अधूनमधून चुनखडी टाकून खड्डा जिवंत ठेवायचा. काही ठिकाणी या खड्ड्यात मेलेली वटवाघळे टाकत अशी आख्यायिका परदेशी प्रवासी चवीने सांगतात. मळ्यावरची माणसे ती ऐकून हसतात.

या खड्ड्यातील चिखल, उसाच्या रसाचा आंबवलेला सिरका, मळी आणि डंडर हे सर्व लाकडी कुंडात घालतात. विकतचे यीस्ट कोणी टाकत नाही. कुंडांच्या फळ्यांत, भिंतींवर, छताच्या कौलात जे रानटी यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे तेच कामाला लागते. आमच्या कारखान्यात आंबवणी दीड दिवसात उरकली पाहिजे, नाहीतर मॅनेजर घड्याळ दाखवीत असे. तेथे ती आठवडा, दोन आठवडे चालते. त्यातून मद्यार्क कमी मिळतो, कारण जंतू आपला वाटा खातात. आधुनिक कारखानदाराच्या दृष्टीने हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. नंतर तांब्याच्या भट्टीत हे चढवतात. भट्टीला दोन भांडी जोडलेली असतात. वाफ त्यांतून बुडबुडत जाते, आणि उकळत्या आम्लात व मद्यार्कात एस्टर घट्ट होत जाते.

याचे माप असते. शंभर लिटर शुद्ध मद्यार्कामागे किती ग्रॅम एस्टर, हे ते माप. साध्या जमैका रमेत ऐंशी ते दीडशे. प्लमर नावाच्या वर्गात दोनशेपर्यंत, वेडरबर्नमध्ये त्याच्याही वर. आणि ‘काँटिनेंटल फ्लेवर्ड’ म्हणवल्या जाणाऱ्या वर्गात सातशेपासून सोळाशेपर्यंत. सोळाशे ही जमैकातील कायद्याची मर्यादा. हॅम्पडेनचा सर्वांत उग्र माल पंधराशे ते सोळाशेच्या दरम्यान असतो, आणि पिंपावर त्याची खूण ‘डी. ओ. के.’ अशी असते. ती मालक घराण्यातील एका गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे आहेत. हा माल पूर्वी कोणी प्यायचा नसे. मिठाईवाले, अत्तरवाले, तंबाखूवाले आणि मुख्य म्हणजे जर्मन व्यापारी तो घेत.

हे ‘काँटिनेंटल’ नावच त्या गिऱ्हाइकाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीट साखरेने उसाची साखर मारली. १८४६ च्या कायद्याने इंग्लंडमधील वसाहतींच्या साखरेचे संरक्षण काढण्यास सुरुवात झालीच होती. मळे एकामागून एक ओसाड पडू लागले. अशा वेळी जर्मनीने १८८० च्या दशकात आयात मद्यावर जबर जकात बसवली. जकात मद्यार्काच्या मापावर होती, वासाच्या नव्हे. तेव्हा फ्लेन्सबुर्ग आणि इतर बंदरांतील व्यापाऱ्यांनी हिशेब केला की जितका उग्र वास आणता येईल तितका आणावा आणि येथील बटाट्याच्या किंवा धान्याच्या स्वस्त मद्यार्कात मिसळावा. या मिश्रणाला ‘रम-फेरश्निट’ म्हणतात. त्यातील मद्यार्काचा वीसावा भाग खऱ्या रमेचा असला तरी जर्मन कायद्याला पुरते. फ्लेन्सबुर्गचे रमशी नाते त्याआधीचे, ते डेन्मार्कच्या ताब्यात असताना डॅनिश वेस्ट इंडीजच्या व्यापारातून जुळलेले. १८६४ च्या युद्धानंतर ते गाव प्रशियाकडे गेले.

अशा रीतीने एका जकातीच्या कलमाने ट्रेलॉनीच्या दरीतील खड्डा अधिक खोल केला. साखर बुडत होती, तिचा उरलासुरला आणा मळ्याला तारत होता. पुस्तकांत याला ‘परंपरा’ म्हणतात. मला ती निकराच्या वेळी शोधलेली वाट वाटते, आणि मला तिचे कौतुक त्यामुळे अधिकच आहे. शास्त्रज्ञ तेथे नंतर पोहोचले. पर्सिव्हल ग्रेग याने १८९० च्या दशकात जमैकात यीस्टवर प्रयोग केले आणि सावकाश वाढणाऱ्या यीस्टने वास चांगला येतो असे दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटाचे सरकारी रसायनज्ञ एच. एच. कझिन्स यांनी एस्टरची मोजमापे केली. पोर्तो रिकोच्या राफाएल आरोयो यांचा मोठा अभ्यास १९४५ सालचा. या सर्वांच्या पुस्तकांचे ऋण मी मानतो. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खड्डा केव्हा भुकेला आहे आणि त्याला चुना केव्हा हवा, हे वासावरून ओळखणारी माणसे त्यांच्या आधी तेथे उभी होती, आणि शास्त्रज्ञ प्रश्न विचारायला त्यांच्याकडेच गेले असणार.

१९१४ च्या महायुद्धाने जर्मन गिऱ्हाईक तोडले आणि हा धंदा बसला. पुढे तो उठला, पुन्हा बसला. त्या चढउतारांचा तपशील सांगत बसत नाही. पण १९३८ सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बेटाच्या पश्चिमेला फ्रोम येथे टेट अँड लाइल कंपनीची शाखा मोठा मध्यवर्ती साखर कारखाना बांधत होती. बेकार माणसे सबंध बेटावरून चालत तेथे लोटली. मागणी दिवसाला एक डॉलरची, म्हणजे चार शिलिंगांची होती. एप्रिलअखेर पगारावरून तंटा झाला, आणि २ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. चौघे मेले, त्यांत एक गरोदर बाई होती. त्याच महिन्यात किंग्स्टनच्या गोदी कामगारांनी काम थांबवले. अलेक्झांडर बुस्टामांटे यांना पकडले आणि बेट बंद पडले तेव्हा चार दिवसांत सोडावे लागले. हे गृहस्थ धंद्याने सावकार! आमच्या चळवळीत माणसे कोठून कोठून येतात याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते. त्यांच्या नावाची कामगार संघटना उभी राहिली, त्यांचे नातलग बॅरिस्टर नॉर्मन मॅन्ली यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात पक्ष काढला, १९४४ साली सर्व प्रौढांना मत मिळाले आणि ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. तो सावकार पहिला पंतप्रधान झाला. उसाच्या फडातील मजुरीच्या भांडणातून एका देशाचे राज्य निघाले, हे मी आमच्या अभ्यासवर्गात दर वर्षी सांगतो.

आता पिंपाकडे येतो. नाहीतर पत्रक लिहिणारा म्हणेल की मी त्याचा भाग गाळला.

शेरी ही दक्षिण स्पेनमधील हेरेस गावची द्राक्षाची दारू. ती मोठ्या पाचशे लिटरच्या पिंपांतून इंग्लंडला जाई, आणि रिकामी पिंपे परत पाठवणे परवडत नसल्याने व्हिस्कीवाले ती स्वस्तात उचलत. शेरीच्या पिंपाची थोरवी ही अशी, रिकाम्या डब्याच्या पुनर्वापरातून निघालेली. १९८० च्या दशकात शेरी पिंपांतून पाठवणे थांबले, ती स्पेनमध्येच बाटल्यांत भरली जाऊ लागली. तेव्हापासून पिंप मुद्दाम बनवतात. नव्या ओकच्या पिंपात शेरी वर्ष-दोन वर्षे भरून ठेवायची, लाकडाला ती पाजायची आणि मग पिंप विकायचे. त्या शेरीचा बहुधा सिरका होतो किंवा ती पुन्हा भट्टीवर जाते. म्हणजे पूर्वी दारूसाठी पिंप होते, आता पिंपासाठी दारू आहे. शेरी खरोखर ज्यांत मुरते ती जुनी पिंपे गुदामवाले सहसा हलवतही नाहीत.

या हेरेसलाही आपला इतिहास आहे. ८ जानेवारी १८९२ च्या रात्री आसपासच्या द्राक्षमळ्यांतील आणि शेतांतील काही शे मजूर तुरुंगातील सोबत्यांना सोडवण्यासाठी गावात शिरले. त्यांच्या हातून गावातील दोन माणसे मेली. तेही सांगितले पाहिजे. सकाळपर्यंत लष्कराने गाव ताब्यात घेतले आणि १० फेब्रुवारीला चौघांना गळा आवळून मारण्याची शिक्षा अमलात आली. ब्लास्को इबान्येझ यांनी या वातावरणावर १९०५ साली ‘ला बोदेगा’ ही कादंबरी लिहिली. तेव्हा माझ्या मित्राच्या टेबलावरील त्या एका बाटलीत दोन बंडे एकत्र आली होती, एक उसाचे आणि एक द्राक्षाचे.

कोवळी रम शेरीच्या पिंपात काय मिळवते? रंग, लाकडाचा तुरटपणा, मनुका-खजुराची गोडी. पिंपातही हवेशी संयोग होऊन थोडी एस्टरे तयार होतात, आणि जमैकाच्या उकाड्यात दर वर्षी सहा टक्क्यांच्या आसपास माल उडून जात असल्याने उरलेला अधिक उग्र होतो. स्कॉटलंडच्या थंडीत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. मात्र मूळ वास पाच-सात वर्षांत फारसा दबत नाही. हलक्या मद्याला पिंप कपडे घालते. या मद्याशी पिंपाला झगडावे लागते, आणि तरुण वयात तो झगडा ऐन रंगात असतो. जाणकारांना त्यातच मौज वाटते, असे माझा मित्र म्हणतो. म्हातारी रम बरी की कोवळी, या वादात मी पडत नाही. पण ती कोठे म्हातारी व्हावी, हा वाद मात्र माझा आहे. शेकडो वर्षे जमैकाने ही रम कोवळीच, पांढरी, मोठ्या प्रमाणावर युरोपला विकली. मुरवण्याचे काम, पिंपे दुरुस्त करण्याचे काम, बाटली भरण्याचे काम आणि त्यावरचा नफा लिव्हरपूल, ॲमस्टरडॅम, जर्मनीकडे गेला. हॅम्पडेन २००९ साली सरकारकडून एका जमैकन कुटुंबाने घेतले आणि तेथे पिंपे भरून ठेवायला सुरुवात झाली. ‘जमैका रम’ हे नाव भौगोलिक निर्देश म्हणून २०१६ साली त्या देशात नोंदले गेले, आणि ती बेटावरच मुरवली पाहिजे की नाही यावर तेथील उत्पादकांतच तंटा उभा राहिला. कच्चा माल येथला आणि कारागिरी तेथली, हे गाणे कापसाच्या देशातल्या माणसाला नवे नाही.

बाटलीवर पिंपाचे नाव असते, वर्षे असतात, एस्टरची खूण असते. त्या तळच्या वासाविषयी मघाशी म्हटले की तो ओळखीचा वाटला. ते पुरे करून थांबतो.

१९९६ च्या हंगामानंतर आमच्या खात्यातील मळीचा हौद साफ करायचा होता. तळाशी गुडघाभर साका होता. माझ्याबरोबरचा एक गडी शिडीने उतरला आणि चारपाच फावडी मारून खाली बसला. आम्हाला वाटले, दमला. त्याला उचलायला दुसरा उतरला, तोही बसला. साक्यातून उठलेल्या वायूने हौदात श्वास घेण्याजोगी हवाच उरली नव्हती. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असताना मुकादमाने माझी मानगूट धरून वर ओढले, म्हणून मी येथे बोलतो आहे. चौकशीत ‘मजुरांचा निष्काळजीपणा’ असा शब्द लिहिला गेला. त्या दोघांच्या बायकांसाठी लिहिलेला अर्ज हा माझ्या हातचा पहिला अर्ज. त्यात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की साहेबांनी त्या लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवला. भरपाई तीन वर्षांनी मिळाली. हौदाच्या काठावर दोरखंड, मुखवटा आणि वायू मोजण्याचे यंत्र ठेवायचे, हे आम्ही त्यानंतर करारात लिहून घेतले.

गेल्या दिवाळीत मी तेथे गेलो होतो. दोरखंड जागेवर होता. मुखवटाही होता. यंत्राची बॅटरी उतरलेली होती. ती बदलून घेतली आणि मग चहा प्यायलो.